शिवारातल्या उन्हाचा हिशेब

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या. वीस मिनिटांत आटपायचं आणि आठवणी सांगायच्या नाहीत, कारण आठवणी बाकीचे सगळे सांगणारच आहेत. प्राणिशास्त्राच्या मास्तराला यापेक्षा सोयीच्या अटी कोणत्या असणार? विषय मात्र मी इथे आल्यावर ठरवला. सकाळी नोंदणीच्या टेबलाजवळ, मग चहाजवळ, मग फोटोच्या रांगेत जे कानावर पडत होतं, त्यातलं निम्मं बोलणं रोह्यांचं होतं. कोणाच्या तुरीत किती शिरले, कोणी झटका मशीन लावली, कोणाचा हरभरा सलग दोन रात्री कसा साफ झाला. आपल्या १९८९ च्या तुकडीतले निम्म्याहून जास्त जण आजही शेतीवर आहेत. म्हणून म्हटलं, सरांनी नववीत शिकवलेला एक धडा आज पुन्हा काढू. अन्नसाखळी.

पुस्तकात त्या धड्याला एकच चित्र असायचं. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार, आणि मध्ये बाण. मी गेली कित्येक वर्षं अकरावीला शिकवतो. दर वर्षी परीक्षेत अर्धा वर्ग बाण उलटा काढतो, सापाकडून बेडकाकडे. त्यांचंही म्हणणं रास्त आहे म्हणा. साप बेडकावर झडप घालतो, मग बाण सापाकडून निघायला हवा ना? पण तो बाण कोण कोणाला खातो हे सांगण्यासाठी नाही. ऊर्जा कुठून कुठे जाते ते तो दाखवतो. बेडकाच्या अंगातली ऊर्जा सापात गेली, म्हणून टोक सापाकडे. एवढं एक समजलं की तो धडा जीवशास्त्राचा न राहता हिशेबाचा होतो. आणि हिशेब आपल्याला कळतो. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी अजून सोसायटीचं पासबुक आहे.

तर आपण एका एकराचा हिशेब मांडू. एकक घेऊ विजेचं युनिट, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. बिलावर छापून येतं. पावसाळ्यात, ढग धरूनसुद्धा, आपल्या भागात जमिनीच्या एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी साडेचार युनिटच्या आसपास ऊन पडतं. एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरहून थोडं जास्त. म्हणजे दिवसाला अठरा हजार युनिट. सोयाबीन शंभर दिवसांचं पीक धरलं तर हंगामभरात एका एकरावर अठरा लाख युनिट ऊन येतं. फुकट. महावितरणला एक पैसा न देता.

आता निघतं किती? एकरी आठ क्विंटल सोयाबीन झालं असं धरू. कोणी हसू नका, सरासरी धरतोय. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये साधारण ४४५ किलोकॅलरी असतात, आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे एक युनिट. आठ क्विंटलचे होतात चार हजार एकशे युनिट. अठरा लाख आले, चार हजार पोत्यात भरले. खोड, पानं, मुळं, शेंगांची टरफलं धरली तरी हा आकडा तीन-चार पटीच्या पुढे जात नाही.

मग बाकीचं ऊन गेलं कुठे? पेरणीनंतर पहिला महिना तर निम्मी जमीन उघडीच असते, तिथलं ऊन मातीवर पडून वाया. पानांवर पडतं त्यातला अर्ध्याहून जास्त भाग असा असतो की पानातलं हरितद्रव्य तो वापरूच शकत नाही. बराचसा भाग पानातलं पाणी वाफ करण्यात जातो, म्हणूनच भर दुपारी ज्वारीच्या पाटात शिरलं की गारवा लागतो. आणि जे पकडलं, त्यातलंही झाड स्वतः खातं. रात्रभर झाड श्वास घेतं, मुळं वाढवतं, गाठींमधल्या जिवाणूंना साखर पोसतं. उरलं ते आपलं.

इथपर्यंतचा सगळा खर्च पहिल्या पायरीचा. आता साखळी वर चढते.

हा हिशेब असा पायरीपायरीने मांडायची कल्पना ज्याची, तो अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला एका शेतकऱ्याच्या घरचा मुलगा होता. रेमंड लिंडमन त्याचं नाव. सीडर बॉग नावाचं एक छोटंसं, गाळाने भरत आलेलं तळं त्याने निवडलं आणि पत्नी एलिनॉर हिच्या मदतीने त्यात काय काय जगतं ते मोजत राहिला. शेवाळ किती, त्यावर जगणारे किडे किती, किड्यांवर जगणारे किती. आणि सगळं वजनात न मांडता त्याने उष्मांकांत मांडलं. त्याचा लेख मासिकाने पाठवलेल्या दोन्ही परीक्षकांनी नाकारला. हा फार हवेतला सिद्धान्त आहे, अजून पुष्कळ तळी मोजून या, असा त्यांचा सूर होता. त्याच्या मार्गदर्शकाने, जी. ई. हचिन्सनने, बाजू लावून धरली म्हणून तो छापला गेला. लेख १९४२ सालच्या अंकात आला, पण तो छापून आलेला पाहायला लिंडमन नव्हता. यकृताच्या आजाराने त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो गेला होता. आज जगातल्या प्रत्येक शाळेत ऊर्जेचा जो पिरॅमिड काढतात, त्याच्या मागे ते तळं आहे.

आपण पाठ केलेला दहा टक्क्यांचा नियम तिथूनच निघाला, पण खुद्द लिंडमनच्या तळ्यात आकडे दहा-दहा नव्हते. उन्हातला हजारातला एक भाग वनस्पतींनी पकडला, वनस्पतींतला १३ टक्क्यांच्या आसपास भाग शाकाहारी जिवांत गेला, आणि शाकाहाऱ्यांतला २२ टक्क्यांच्या आसपास मांसाहाऱ्यांत. तेव्हा दहा टक्के हा खळ्यावरचा नजरअंदाज समजा. कुठे पाच, कुठे वीस. पण शंभरचे शंभर कधीच नाहीत, आणि नव्वदही नाहीत.

का नाहीत? या मंडपातच बघा. आपण तीनशे माणसं आहोत. शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकत असतो. म्हणजे आपण सगळे मिळून आत्ता तीस हजार वॅटची शेगडी पेटवून बसलो आहोत, माझं भाषण ऐकायला. पंखे कमी पडतायत ते उगाच नाही. सकाळी खाल्लेल्या पोह्यांतली ऊर्जा हवेत चालली आहे, आणि ती परत गोळा करून कोणाला पोह्यात घालता येणार नाही. अन्नसाखळीतल्या प्रत्येक पायरीवर हेच चालतं. नाकतोडा उड्या मारतो, बेडूक डरांव करतो, बैल उभ्या उभ्या रवंथ करतो. खाल्लेल्यातलं बहुतेक जगण्यातच खर्च होतं. अंगावर चढतं तेवढंच पुढच्याच्या वाट्याला येतं.

आता आपल्या शिवारात दोन गोष्टी बदलल्या त्याकडे येतो. आपण शाळेत होतो तेव्हा आपला जिल्हा अकोला होता. वाशिम वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. त्याच सुमाराला शिवाराचं रूपही पालटत होतं. ज्वारी आणि पऱ्हाटी मागे पडत गेली, सोयाबीन आलं.

ज्वारीच्या शेतातली साखळी आठवा. कणीस माणसाला, कडबा बैलाला, बैलाची ताकद वखराला, शेण उकिरड्यावर आणि तिथून परत त्याच वावरात. पाखरांचा वाटा त्यांनी गोफणीला न जुमानता घेतलेलाच. खळ्यावर सांडलेल्या दाण्यावर उंदीर, उंदरावर धामण आणि घुबड. एका एकरातल्या उन्हाने जे बनवलं ते जवळजवळ सगळं दोन कोसांच्या आत जाळलं जायचं. ते फार सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. ज्वारीने आपल्यातल्या कोणाच्या इंजिनिअरिंगची फी भरली नसती. सोयाबीनने भरली आहे. इथे बसलेल्या काही पोरांना विचारा.

पण सोयाबीनची साखळी लांब जाते. मोंढ्यात विकलेल्या दाण्यात अठरा-वीस टक्के तेल. ते काढून घेतलं की उरते ती डीओसी, म्हणजे ढेप, आणि तिचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक कोंबडी. आपल्या वावरात पडलेलं ऊन असं कुठल्यातरी दूरच्या पोल्ट्रीत पोचतं. कोंबडी तशी काटकसरी. पावणेदोन किलोच्या आत खाद्य खाऊन एक किलो वाढते. ऐकायला हे फारच चांगलं वाटतं, पण खाद्य कोरडं असतं आणि कोंबडीच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी. पिसं, हाडं, पोटातला ऐवज वजा करा. ताटात येणारी ऊर्जा खाद्यातल्या ऊर्जेच्या पाचव्या हिश्श्याच्या वर क्वचितच जाते. चिकन खाऊ नका असं मी म्हणत नाहीये. आजचा मेनू मला माहीत आहे.

मुद्दा वेगळा आहे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठा आहे. ऊर्जा साखळीतून वाहत जाते आणि संपते, पण खनिजांचं तसं नाही. ती फिरायला हवीत. त्या आठ क्विंटलमध्ये सव्वातीन क्विंटलच्या आसपास प्रथिन आहे, म्हणजे पन्नास किलो नत्र. अडीच पोती युरियाचं. त्यातलं बरंचसं गाठींमधल्या जिवाणूंनी हवेतून आणलेलं असतं, म्हणून ते जाणवत नाही. पण दाण्यात साडेचार-पाच किलो स्फुरदाचं मूलद्रव्यही जातं. ते हवेतून येत नाही. अर्ध्या पोत्याच्या डीएपीएवढं स्फुरद दर वर्षी दर एकरामागे आपण ट्रकमध्ये भरून कोंबड्यांकडे पाठवतो, आणि त्यांच्या खताची ट्रॉली आपल्या गावाला परत येत नाही. ऊन रोज सकाळी नवीन येतं. स्फुरद दुकानातून आणावं लागतं.

आता रोही.

रोही, म्हणजे नीलगाय, नाव गायीचं असलं तरी आहे हरणांच्या आणि गुरांच्याच मोठ्या कुळातली. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या आसपास जातो. रवंथ करणारं जनावर. त्याच्या पोटात जिवाणूंची एक भट्टी असते आणि गवत पचवायचं काम खरं तर ती भट्टी करते. त्या भट्टीचं एक गणित जनावरांच्या डॉक्टरांना पाठ असतं: चाऱ्यात निदान सात टक्क्यांच्या आसपास प्रथिन हवं. त्याच्या खाली गेलं की जिवाणू उपाशी राहतात, चारा पोटात पडून राहतो, आणि जनावर पोट भरलेलं असून खंगतं. आपल्या माळावरचं पवन्या, मारवेल, कुसळी हे गवत श्रावणात उत्तम असतं. दिवाळीनंतर ते पिवळं पडतं, आणि मग त्यातलं प्रथिन सातच्या बरंच खाली उतरतं. बरोबर त्याच महिन्यांत धुऱ्यापलीकडे हरभरा हिरवागार उभा असतो, त्याच्या कोवळ्या शेंड्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रथिन, वर ओलितामुळे लुसलुशीत. हजारो वर्षं माणसाने पिकं निवडलीच अशी की त्यांत काटा नाही, चीक नाही, कडूपणा कमी. आपण आपल्यासाठी पचायला सोपी केली ती रोह्यालाही सोपी झाली. ते तिकडे नाही येणार तर काय करणार? त्यात खोडी नाही. ते आपल्या पोटाचा हिशेब आपल्याइतकाच नीट जाणतं.

आणि आता नुकसान. दीडशे-दोनशे किलोचं जनावर दिवसाला कोरड्या वजनाने चार किलोच्या आसपास खातं. दहांचा कळप चाळीस किलो. फुलोऱ्याला आलेल्या सोयाबीनच्या एका एकरात सातशे-आठशे किलो तरी कोरडा पाला असतो. म्हणजे कळपाने इमानदारीत एका धुऱ्यापासून खात निघायचं ठरवलं तर एकराला पंधरा-वीस दिवस लागतील. पण तसं होत नाही, हे तुम्ही मला सांगाल. ते शेंडे खुडतात, फुलं खातात, चार तासं तुडवतात, दोन तासांत लोळतात आणि पुढच्या वावरात जातात. त्यांच्या पोटात गेलेल्या एका किलोमागे आपलं होणारं नुकसान कितीतरी किलोंचं. शिवाय जे खुडलं ते फुटव्यावर येईल की गेलं, हे पीक कोणत्या दिवशी खाल्लं त्यावर ठरतं. पंचविसाव्या दिवशी खुडलेलं सोयाबीन बरंच सावरतं, पन्नासाव्या दिवशीचं नाही. पंचनाम्याला येणारा माणूस आठवड्याने येऊन हिरवं दिसतंय असं म्हणतो, तेव्हा तो पाला बघत असतो. पाला असतोही. शेंगा नसतात. माझं स्पष्ट मत आहे की नुकसानीच्या अर्जात पेरणीपासूनचा दिवस लिहायला रकाना हवा आणि भरपाई त्यावरून ठरावी.

यांना खाणारं कोणी नाही का? हा प्रश्न मला दर वर्षी विद्यार्थी विचारतात, आणि इथे लिंडमनची शिडी पुन्हा उपयोगी पडते. २००२ साली ख्रिस कार्बोन आणि जॉन गिटलमन या दोन अभ्यासकांनी जगभरातल्या शिकारी प्राण्यांचे आकडे एकत्र केले. त्यांना आढळलं की साधारण दहा हजार किलो भक्ष्यामागे एखाद्या जातीचे नव्वद किलो शिकारी जगतात. मुंगसाएवढा शिकारी असो की वाघाएवढा, प्रमाण त्याच आसपास. शंभराला एकही पुरता नाही. वाघाचं म्हणाल तर उल्हास कारंथ यांनी मांडलेला हिशेब सोपा आहे: वाघाला वर्षाला हरणाएवढी पन्नास जनावरं लागतात, आणि पन्नास दर वर्षी मिळायची तर रानात पाचशे उभी हवीत. एका वाघासाठी.

आपल्याकडे कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे, अठरा चौरस किलोमीटरच्या आसपासचं. पलीकडे काटेपूर्णा, त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर चौरस किलोमीटर. ज्यांनी सोहोळचा माळ पाहिला नसेल त्यांनी पावसाळ्यानंतर जाऊन यावं. काळविटांचा कळप गवतावरून उधळतो तेव्हा ते ऊनच पळत असल्यासारखं वाटतं. (प्राणिशास्त्राच्या मास्तराला एवढी एक उपमा माफ असावी.) पण अठरा चौरस किलोमीटरमध्ये वाघ बसत नाही. लांडगा बसू शकतो, आणि माळरानाचा खरा शिकारी तोच. तो काळविटाला पुरा पडतो, रोह्याच्या वासराला धरतो. वाढलेल्या रोह्याला हात घालायचा तर वाघच लागतो.

२०१९ साली असा एक वाघ आपल्या अंगणातून म्हणावं इतक्या जवळून गेला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला तरुण नर, गळ्यात रेडिओ कॉलर. तेलंगणात आदिलाबादकडे उतरला, परत वर आला, नांदेड, हिंगोली असा शेतांमधून, रस्ते ओलांडत, रात्री चालत डिसेंबरपर्यंत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पाच महिन्यांत तेराशे किलोमीटरहून जास्त. पेपरांत त्याचं कौतुक झालं, जोडीदाराच्या शोधात फिरतोय असं लिहून आलं. तेही होतंच. पण मला त्यात शिडीचा वरचा डांडा दिसतो. जिथे पाचशे जनावरं एकाजागी उभी आहेत आणि आधीचा मालक नाही, असा तुकडा शोधायला त्याला अर्धा विदर्भ आणि मराठवाड्याची कड तुडवावी लागली. आपण त्याला इथे ठेवून घेऊ शकलो नसतो. त्याच्या वाट्याची ऊर्जा शिवारात होती, पण ती होती गोठ्यात बांधलेली.

थोडं मेलेल्या जनावरांबद्दलही बोलतो, कारण साखळी शिकाऱ्यावर संपते असं चित्रात दिसतं, प्रत्यक्षात तसं नसतं. आपल्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की काही तासांत गिधाडं उतरायची. त्या बैलाच्या अंगातली सगळी ऊर्जा दुपारपर्यंत आभाळात गेलेली असायची. मग डायक्लोफेनॅक हे औषध जनावरांना देऊ लागले, ते अंगात असलेलं मढं गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. दहा-पंधरा वर्षांत देशातली पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण गेलेली गिधाडं परत यायला पिढ्या लागतात. ढोरं मरायची थांबली नाहीत. त्यांची ऊर्जा कोणाकडे तरी जाणारच. ती गेली मोकाट कुत्र्यांकडे. आणि त्या कुत्र्यांचे कळप काळविटाच्या पाडसांमागे लागतात, हे आज बहुतेक माळरानांवर दिसतं. एक पायरी काढली म्हणून ऊर्जा थांबत नाही, ती दुसरी वाट धरते.

हेच वाक्य रोह्यांना लावून बघू. मारून टाका, असं सकाळी दोघातिघांनी म्हटलं. रागाने म्हटलं, आणि तो राग मला कळतो. रात्री शेतात जागलीला जाणं म्हणजे काय ते मी घरी पाहिलं आहे. थंडी, विंचूकाटा, विजेच्या तारांची भीती, आणि सकाळी पुन्हा कामाला. २०१६ साली बिहारमध्ये मोकामा भागात शासनाच्या परवानगीने दोनशेहून जास्त रोही मारले गेले. तिथलं पुढचं मी सांगत नाही. आपल्या शिवाराचं सांगतो. जनावरांची संख्या शिकाऱ्याने आटोक्यात ठेवली नाही तर ती चाऱ्यावर ठरते. आपल्याकडे शिकारी नाही, म्हणजे ती चाऱ्यावर ठरते, आणि उन्हाळ्याआधीचा बराचसा चारा आपल्या वावरात आहे. तो तसाच राहिला तर दहातले पाच कमी केल्याने उरलेल्या पाचांना पोटभर मिळतं, त्यांची वासरं जास्त जगतात, आणि तीन-चार वर्षांत आपण पुन्हा तिथेच. एखाद्या ठिकाणी अगदी हाताबाहेर गेलं तर वनखात्याने परवानगीने जे करायचं ते करावं, मी विरोध करणार नाही. पण तो उपाय आहे असं कोणी सांगितलं तर मी हिशेब मागेन.

मग कुंपण? आपल्याच तुकडीतल्या दोघांचं वावर एकमेकांना लागून आहे. एकाने झटका मशीन लावली. त्या वर्षी त्याचा हरभरा शाबूत, आणि दुसऱ्याचा एरवीपेक्षा दुप्पट गेला. दोघंही इथे बसले आहेत, आणि सकाळी एका टेबलावर जेवले, हे पाहून मला बरं वाटलं. कुंपणाने चारा कमी होत नाही, फक्त शेजारच्याकडे जायचा रस्ता आखला जातो. कुंपण घालायचं तर ते एका सात-बाऱ्याभोवती घालून भागत नाही. सगळ्या शिवाराभोवती हवं, खर्च एकरावर वाटून. काही गावांत असं ठरवून झालं आहे, पण त्यासाठी गावात आधी भांडण मिटवावं लागतं, आणि ते तारेपेक्षा महाग पडतं.

दुसरं एक आहे, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ई-क्लास. आपल्या प्रत्येक गावाला ई-क्लास जमीन होती, गुरं चारायची. ती कुठे अतिक्रमणात गेली, कुठे खदानीत, आणि उरली तिथे गवत वाढूच दिलं जात नाही. तिथे पावसाळ्यात चार महिने चराई बंद ठेवली, बी पडू दिलं, तर मारवेल-पवन्या दोन-तीन वर्षांत परत येतो. त्याने रोही हरभऱ्यात यायचे थांबतील असा दावा मी करणार नाही. पौषातलं वाळलं गवत हरभऱ्याशी स्पर्धा करू शकत नाही, ते आत्ताच सांगितलं. पण खरिपातला मार, श्रावण-भाद्रपदातला, त्याने हलका होऊ शकतो, कारण त्या दोन महिन्यांत ताजं गवत सोयाबीनच्या पाल्याला बऱ्यापैकी तोडीस तोड असतं. आणि कापून नेलेलं गवत आपल्याच गोठ्याला मिळतं.

किती गवत येईल? हे आकडे मला आपल्या भागाचे हवे आहेत, आणि ते काढायला विद्यापीठ लागत नाही. शाळेच्या मागच्या मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टाकीपलीकडे, पडीक तुकडा अजून तसाच आहे. सकाळीच बघून आलो. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. नववीच्या मुलांनी तिथे एक मीटर लांब, एक मीटर रुंद असे दहा चौकोन दोरीने आखायचे. पाचांभोवती जाळी, पाच उघडे. पोळ्याला एकदा आणि दसऱ्याला एकदा गवत जमिनीसरशी कापायचं, उन्हात कडक वाळवायचं, वजन करायचं, वहीत लिहायचं. वाळलेलं एक किलो गवत म्हणजे साधारण साडेचार युनिट ऊन, तेवढा गुणाकार नववीला येतो. जाळी हार्डवेअरवाला वर्गमित्र देतो म्हणाला आहे, मला साक्षीदार आहेत. वजनकाटा मी कॉलेजातून आणतो. ज्यांच्या गावच्या ई-क्लासवर असेच चौकोन आखायचे असतील त्यांनी जेवणानंतर टाकीपाशी थांबावं, दोरी गाडीत आहे.